गोदावर्याः जरा जास्तच दक्षिणे तीरे

आमच्या खानदेशाला समुद्र नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे पालथे घाला, लाट म्हणून दिसेल ती फक्त उष्णतेची. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की आम्ही तापीच्या पुलावर गाड्या लावतो आणि एकमेकांना सांगतो, "समुद्रच झालाय भो!" आमचा आणि समुद्राचा घरोबा एवढाच.

त्यामुळे मित्राने फोनवर "लग्न समुद्रकिनारी आहे" असं सांगितलं तेव्हा मी सुरत धरलं. अमळनेरहून सुरतेला थेट रेल्वे आहे, आणि आमची तापीसुद्धा समुद्राला मिळायला तिकडेच जाते. सकाळी निघून लग्न लावून दुसऱ्या दिवशी परत. मी तर डब्यात काय न्यायचं इथपर्यंत पोचलो होतो.

"सुरत नाही रे, श्रीलंका. बेंटोटा."

झालं होतं असं की नवरदेव चोपड्याचा, नवरी नाशिकची. वडीलधाऱ्यांनी "दोघांना मध्ये पडेल असं ठिकाण बघा" एवढीच अट घातली होती. आता चोपडा आणि नाशिकच्या मध्ये येतं मनमाड. मनमाडला माणूस गाडी बदलतो, बोहल्यावर चढत नाही. तेव्हा ती दोघं नकाशावर खाली खाली सरकत गेली ती जमीन संपल्यावर, पाणी ओलांडूनच थांबली. शुक्रवारी पोचायचं, शनिवारी लग्न, रविवारी परत.

"आणि आबांना तू घेऊन ये," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आबा म्हणजे नवरदेवाचे थोरले काका. वय सत्तर, बाग नऊ एकर, आणि बोलण्याचा विषय एकच: केळी. आबांबरोबर मामी आल्या. त्या माळकरी, कांदा-लसूणसुद्धा एकादशी बघून खाणाऱ्या. गुरुजी आले, कारण परक्या मुलखातला भटजी मंत्र गाळेल अशी मामींना धास्ती. आणि वकील आला. हा आमचा वर्गमित्र; वकिली करत नाही, हुज्जत घालतो म्हणून वकील. गाडी चालवणारा मी, सामान उचलणारा मी, पासपोर्ट सांभाळणाराही मीच.

चोपड्याहून रात्री निघालो. तापी ओलांडली, अमळनेर, धुळे, मालेगाव, सगळं अंधारात गेलं. इगतपुरीला घाटनदेवीला गाडीतूनच हात जोडले आणि सकाळी मुंबईच्या विमानतळावर उभे राहिलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं इतकंच की डिक्कीत कळण्याच्या भाकरी, बिबडे, शेव आणि ठेचा यांचा जो एकत्र वास कोंडला होता, तो अजून गाडीतून गेलेला नाही.

विमानतळावर मामींच्या ओटीच्या सामानात सुक्या खोबऱ्याचे अकरा गोटे निघाले. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही. मामींना हे पटेना. "चाळीस वर्षं फडताळात ठेवते, एकदा तरी पेटलं का?" त्या वर्दीतल्या पोराला विचारत होत्या. गोटे तिथेच राहिले. ज्या देशात दर दहा पावलांवर नारळाचं झाड आहे, त्या देशात नारळ पोचवता आला नाही म्हणून मामी कोलंबो येईपर्यंत गप्प होत्या. अडीच तासांची ती शांतता मी या सहलीच्या जमेच्या बाजूला धरतो.

कोलंबोचा विमानतळ गावाच्या उत्तरेला कटुनायकेला आहे. उतरल्यावर आबांनी पहिला प्रश्न केला, घड्याळ किती मागेपुढे करायचं? काहीच नाही, आपली आणि त्यांची वेळ एकच. आबांचा चेहरा पडला. परदेशात आल्याचा एवढा एक पुरावा गावात दाखवायला मिळाला असता.

पैसे बदलले. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन. वकिलाने त्या नोटांची चवड हातात घेतली, आणि त्याच्या डोळ्यांत जे चमकलं त्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

व्हॅनचा ड्रायव्हर हसतमुख होता. मोडकं इंग्रजी, त्याहून मोडकं हिंदी. "मला मल्ली म्हणा," म्हणाला. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. म्हणजे आपल्याकडचा भाऊच की! आबांचं आणि त्याचं तिथेच जमलं. शिवाय काहीही सांगितलं की तो "हरी हरी" म्हणायचा. एसी वाढव, हरी हरी. गाणं बंद कर, हरी हरी. गुरुजी भारावून गेले. "बघा, परमुलखात राहून नामस्मरण सुटलेलं नाही, नाहीतर आपली पोरं!" सिंहलीत 'हरी' म्हणजे 'बरं, ठीक' हे मला फोनवर बघून कळलं होतं, पण गुरुजींचा आनंद फार स्वच्छ होता.

वकिलाचा आनंद मात्र तासाभरात मावळला. तो शुक्रवार पौर्णिमेचा निघाला. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. मांससुद्धा नाही. "म्हणजे मी पासपोर्ट काढून, विमानात बसून, समुद्र ओलांडून ड्राय डेला आलो?" वकील खिडकीबाहेर बघत म्हणाला. मामींनी समाधानाने माळ ओढायला घेतली.

दक्षिणेकडे जायला तिथे एक्स्प्रेसवे आहे. मल्ली म्हणाला, त्याने झटकन पोचाल. पण आबांनी विचारलं, "त्या रस्त्याले केळी दिसतीन का?" नाही दिसणार. मग जुना गॅले रोड. उजव्या हाताला समुद्र, समुद्राला चिकटून रेल्वे, रेल्वेला चिकटून रस्ता. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राच्या इतक्या जवळून जाणारे आबा पूर्ण वेळ डाव्या खिडकीतून परसातली केळी बघत होते.

"मल्ली, हाई मृगबाग शे का कांदेबाग?" म्हणजे केळी कोणत्या हंगामात लावलेली.

"हरी हरी."

पानदुऱ्याच्या पुढे एका टपरीवर घड टांगलेले दिसले आणि आबांनी गाडी थांबवायला लावली. केळ्याला सिंहलीत 'केसेल' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी मल्लीच्या पाठीवर थाप मारली. केळं ते केसेल, कोणत्याही गावचा माणूस ओळखेल. लहानखुरं आंबटसर ते अंबुल. "अंबुल म्हंजे आंबट, त्यात काय इचारानं?" आबांनी तेही सोडवलं. मग कोलिकुट्टु आलं: आखूड, गुबगुबीत, पातळ सालीचं. आबांनी एक सोललं, खाल्लं आणि गप्प झाले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कागदाची प्रत आबांच्या बैठकीत चौकट करून लावलेली आहे. अशा माणसाला दुसऱ्याचं केळं आवडणं म्हणजे काय, हे केळीवाल्यालाच कळेल. दुसरं खाल्लं. मग टपरीमागच्या झाडाचं पान उलटं करून बघितलं आणि एकदम उजळून म्हणाले, "करपा शे!" रोग सापडला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्यानंतर अर्धा तास किलोचा भाव क्विंटलमध्ये, त्याला भागिले साडेतीन, आणि व्यापाऱ्याची कट्टी वजा, असा हिशेब चालला. टपरीवाल्या बाईला यातलं काही कळलं नाही, पण तिने खुर्ची दिली.

तिथेच सुट्ट्या पैशांत वकिलाला एक रुपयाचं श्रीलंकन नाणं मिळालं. ते त्याने रुमालात बांधलं. मी विचारलं, कशाला?

"आहेर. ५०० ची नोट घेतलीय, वरचा एक रुपया हवा होता."

म्हणजे ५०१, तिथले. आपले दीडशेच्या आतबाहेर. मी म्हटलं, "अरे, तुझ्या लग्नात त्याच्या घरून ५०१ आले होते, तुझ्या वहीत आहे."

"आहे ना," वकील म्हणाला. "वहीत चलन कुठं लिहिलंय?"

कालुतरला नदीच्या पुलाशी मोठा पांढरा स्तूप आणि बोधिवृक्ष आहे. येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथे गाडी थांबवतो, पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. थेट आमची घाटनदेवी. मल्ली उतरला तशा मामीही उतरल्या. सुटे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी सीटवरचा रुमाल सोडला, त्यातलं नाणं पेटीत टाकलं आणि समोरच्या झाडाला मनोभावे नमस्कार केला. वकील तेव्हा रस्ता ओलांडायच्या प्रयत्नात होता. तिथे झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या खरोखर थांबतात. दोन्ही बाजूंची वाहनं एकदम थांबलेली बघून तो घाबरून मागे फिरला. त्याला वाटलं मागून मंत्री येतोय.

जेवायला थांबलो तिथे भाताबरोबर खोबऱ्याची लाल, झणझणीत चटणी आली. पोल सांबोल. दोन दिवसांत पहिल्यांदा मामींच्या तोंडाला चव आली. "आपल्यासारखीच केलीय, फक्त यात काहीतरी खमंग आहे." तीनदा वाढून घेतली. गुरुजींनीही. काय आहे ते खमंग, असं विचारल्यावर मल्ली म्हणाला, "उंबलकड."

"उंबराचं लाकूड?" आबा म्हणाले.

"औदुंबर!" गुरुजींनी हात जोडले. "मग काय, प्रसादच."

उंबलकड म्हणजे मालदीवचा सुकवलेला मासा, किसून घालतात. हे मला रात्री हॉटेलच्या आचाऱ्याने सांगितलं. मी आणि वकिलाने शपथा घेतल्या आहेत. मामी मोबाइलवर फक्त हरिपाठ ऐकतात, या एका आधारावर मी हे लिहितो आहे.

उरलेल्या रस्त्यात गुरुजी अस्वस्थ होते. विचारलं तर म्हणाले, संकल्पाचं काय करू? लग्नाच्या संकल्पात आपण कुठे बसलोय ते देवाला सांगावं लागतं. जंबुद्वीपे, भरतखंडे, आणि चोपड्याला असलो तर गोदावर्याः उत्तरे तीरे. इथे काय म्हणायचं? आबा म्हणाले, हॉटेलचं नाव सांगा. वकील म्हणाला, लोकेशन पाठवा. बेंटोट्याचा पूल येईपर्यंत गुरुजी ओठ हलवत होते, मग एकदम मान वर करून म्हणाले, "दक्षिणे तीरे. गोदावरीच्या दक्षिणेलाच आहोत ना? किती दक्षिणेला, ते विचारायची देवाकडे पद्धत नाही."

लग्न वाळूवर होतं. फोटोत ते फार सुंदर आलंय. फोटोत वारा दिसत नाही. अंतरपाटाचं शीड झालं. दोन माणसांनी धरायचा तो सहा जणांनी धरला, तरी नवरदेव-नवरी मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच तीनदा एकमेकांना दिसली. आम्ही टाकलेल्या अक्षता अर्ध्यातून फिरून आमच्याच तोंडावर येत होत्या. त्या हिशेबाने माझं तिथे दुसरं लग्न लागलं. एक फेटा सुटून पाण्यात गेला, तो आणायला दोन व्याही धावले. प्लास्टिकच्या नव्हे, चांगल्या लोखंडी खुर्च्या. जड माणसं बसली तशी इंचाइंचाने रुतत गेली, आणि सप्तपदी होईपर्यंत वधूपक्षाची पहिली रांग वरपक्षापेक्षा वीतभर खाली होती. वरपक्षाला हे फार रीतसर वाटलं.

विधी आटोपल्यावर आबा एकटे पाण्याच्या काठी उभे दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात मागे. त्यांच्या शेतात ६०० फुटांवर बोअरला पाणी लागलं होतं, तेही मार्चपर्यंत टिकतं. आपल्याकडे म्हणतात लंकेत सोन्याच्या विटा. आबांना लंकेत पाणी दिसत होतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता आबा काहीतरी बोलतील. त्यांनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"काय कामनं भो? ठिबकले चालत नही."

आहेराच्या टेबलाशी गलका ऐकू आला. वकिलाच्या रुमालात नाणं नव्हतं. ५०० ची नोट हातात धरून तो सगळ्या बेंटोट्यात एक रुपया शोधत फिरला. एक रुपयात तिथे काहीच येत नाही, त्यामुळे तो कुणाकडे नसतो. शेवटी मामींनी पिशवीतून आपला एक रुपया काढून दिला. वही लिहिणाऱ्या नाशिकच्या काकांनी चष्मा पुसला, नोट बघितली, नाणं बघितलं आणि लिहिलं: "५०० लंका, १ भारत." आता हा आहेर पुढे फेडायचा कसा, यावर वकील स्वतःच दोन दिवस झोपला नव्हता.

रविवारी पहाटे सामान भरताना आबांची पिशवी जड लागली. उघडली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला, मातीसकट, कोलिकुट्टुचा मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. टपरीवाल्या बाईने दिला होता. मी सांगितलं, आबा, विमानातून रोप असं नेता येत नाही, परवाना लागतो, त्यातून रोग येतात. रोग म्हटल्यावर आबा वाद घालत नाहीत. पिशवी उचलून ते हॉटेलच्या मागे गेले. निघायची वेळ झाली तरी येईनात, म्हणून बघायला गेलो तर हॉटेलचा माळी खड्डा खणत होता आणि आबा त्याला हाताने मापं दाखवत होते. माळी म्हणत होता, हरी हरी.

याला आता सात महिने झाले. आबा नवरदेवाला दर पंधरवड्याला न चुकता फोन करतात. संसार कसा चाललाय, सूनबाई कशी आहे, हे काही विचारत नाहीत.

"त्या हाटेलवालाले इचार ना भो, घड निसवना का?"