भिंग घेऊन बसा आता!

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माझं डोकं फिरायला लागतं. छाटणी झाली की काडीला हायड्रोजन सायनामाइड या औषधाचं पेस्टिंग, म्हणजे लेप, काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून. आणि त्या बाटलीवरचं लेबल बघा एकदा! मुंगीएवढी अक्षरं, त्यात निम्म्यावर दुकानदाराने स्वतःचं स्टिकर चिकटवलेलं. आतलं घडीचं पत्रक उलगडून मराठी शोधेपर्यंत चहा गार. सापडली तरी ती कसली मराठी? "त्वचेशी संपर्क टाळण्याची दक्षता घेण्यात यावी." अरे, "हातमोजे घाल, नाहीतर कातडी भाजेल" असं लिहायला काय पैसे पडतात?

बरं, या औषधाची खरी मेख वेगळीच आहे. ते हाताळायच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. अंगात दारू नीट पचतच नाही. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, दम लागतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळीतला एखादा गडी दिवसभर काड्यांना औषध लावून संध्याकाळी कुठे जातो, हे बागायतदारापासून कंपनीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात नको?

आणि लेबलवरचा तो रंगीत त्रिकोण! लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लोक हिरवा बघून खुशाल उघड्या हाताने कालवतात. हिरवं म्हणजे सेंद्रिय म्हणे! अहो, पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती जहाल, एवढंच तो रंग सांगतो. डोळ्यात उडालं तर काय, ते नाही सांगत.

सेफ्टी डेटा शीट, म्हणजे औषधाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारी माहितीपत्रिका, मागितली तर दुकानदार हसला. "भाऊ, ते कंपनीत असतं, तुम्हाला काय करायचंय?" काय करायचंय म्हणजे? 16 भाग असतात तिचे, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-चष्मा. मजूर आडवा पडला तर डॉक्टरच्या हातात काय देऊ, तुमचं बिल? नेटवर मिळते, पण इंग्रजीत.

2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हाही "मजूर काळजी घेत नाहीत" हेच ऐकवलं गेलं. कशी घेणार? काही दुकानदार तर सुटं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून देतात. तिच्यावर लेबल असतं, नाही कशाला? मिनरल वॉटरचं.