पाय द्या की, माऊली

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लोणंदला असतो. यंदा दहावीला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गंध, मोबाईलवर निम्मी कीर्तनं आणि निम्मं क्रिकेट. माळ त्याने सातवीत असताना स्वतःहून घातली. आम्ही तर रविवारची वाट बघणारी मटणवाली माणसं. त्याच्यासाठी वेगळं पिठलं टाकावं लागायला लागलं तेव्हा बहीण मला म्हणाली, "दादा, हे खूळ किती दिवस टिकंल?" मी म्हणालो, आठ दिवस.

मग एकदा कबड्डी खेळताना माळ तुटली. माळ तुटली की परत ओवून गळ्यात घालेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असा वारकऱ्यांचा नेम. हा पठ्ठ्या दुपारच्या उन्हात मैदानावर ओणवा होऊन मणी शोधत होता, आणि त्याच्यासोबत सामना अर्धवट सोडून दोन्हीकडची सगळी पोरं. साडेचारला घरी येऊन सुईदोरा घेऊन बसला, मग जेवला. तेव्हा माझे आठ दिवस मी गुपचूप मागे घेतले.

खरं सांगायचंय ते गेल्या वारीचं. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे करत, नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घालून सोहळा आपल्या जिल्ह्यात शिरतो आणि लोणंदला मुक्कामी येतो. एरवी कांद्याच्या बाजाराचं गाव, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. कुणी चहा वाटतंय, कुणी फुकट दाढी-कटिंग करतंय, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतंय. आमचं पोरगं एका दुकानाच्या फळीखाली घमेलं, गरम पाण्याची किटली, मीठ आणि तेलाची बाटली घेऊन बसलं होतं. पाय चेपायला.

मी सुट्टी काढून साताऱ्याहून गेलो होतो. सत्तरीच्या एक बाई आल्या, बोलण्यावरून मराठवाड्यातल्या. डोक्यावर तुळस. टाचांना अशा भेगा की त्यात माती जाऊन काळ्या रेघा झालेल्या, अंगठ्याशेजारी फोड फुटलेला. त्या पाय पुढे करेनात. "नको रे लेकरा, घाण हैत." हा म्हणाला, "तेवढं करू द्या की, माऊली." घमेल्यात पाय घेतला. घाई नाही. आधी नुसतं पाणी, मग मिठाचं, मग भेगेतली माती अंगठ्याने हळूहळू काढली, फोडाला धक्का न लावता. पाय स्वतःच्या मांडीवरच्या टॉवेलवर घेऊन पुसला. बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या. बाई नुसत्या बघत होत्या. उठताना त्या ह्याच्या पाया पडायला वाकल्या, तर ह्याने आधीच डोकं टेकलेलं. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली आणि दोघंही हसली.

एवढ्यात मी फोटो काढला. त्याने मान वर न करता विचारलं, "मामा, त्यांना विचारलं का?"

नव्हतं विचारलं. डिलीट केला. (आणि आता इथे त्याच्यावर एवढी मोठी पोस्ट लिहितोय, हे मला कळतंय. त्याला विचारलंय. म्हणाला, "नाव टाकू नका, बाकी लिहा काय लिहायचं ते.")

आपण ब्लँकेट वाटतो तेव्हा ब्लँकेटचं एक टोक आपल्या हातात, दुसरं घेणाऱ्याच्या हातात आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. माझ्याही वॉलवर असे दोन फोटो आहेत. त्यात उपकार कुणी केले आणि कुणावर केले हे स्पष्ट दिसतं. लोणंदच्या त्या फळीखाली ते उलटं होतं. उपकार बाईंनी केले होते, पाय देऊन. मी हे शोभेचं बोलत नाही. पोरगं खरंच तसं मानतं. रात्री किती जणांचे पाय चेपले म्हणून विचारलं तर म्हणाला, "मोजले नाहीत. पण एक आजोबा नको म्हणून गेले, ते राहिलं."

धन्यवाद हा शब्द आपल्याकडे सत्काराच्या माईकवर शोभतो. घरात, एसटीत, दुकानात तो तोंडात बसत नाही. वारीत मात्र एका 'माऊली'त सगळं भागतं. जरा सरका, चुकून धक्का लागला, पाणी देता का, लई उपकार झाले, सगळ्याला एकच. ह्याने तो शब्द बारा महिन्यांचा करून टाकलाय. एसटीतून उतरताना ड्रायव्हरला, "येतो माऊली." घंटागाडीवरच्या बाईंना उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या आणि "बरं झालं आलात." क्लासमध्ये एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बुवा, पुढं कीर्तनाच्या सुपाऱ्या घेणार का?" पोरं खिदळली. ह्याने घरी येऊन सांगितलं ते हसतच. राग मला आला.

मी काही देवभोळा नाही. एकादशी मला ताटात साबुदाणा दिसला की कळते. आणि धर्माच्या नावावर सायलेन्सर काढून गाड्या फिरवणारी, डीजेपुढे बेशुद्ध होईपर्यंत नाचणारी ह्याच वयाची पोरं मी रोज बघतो. त्यांना घरातून कुणी फार बोलत नाही, "वयच तसं आहे" म्हणतात. पण एखादं पोरगं संध्याकाळी हरिपाठाला बसलं की आपल्याला लगेच त्याच्या टक्क्यांची काळजी लागते. ह्याची मला गंमत वाटते, आणि मीही त्यातलाच होतो म्हणून थोडी लाजही.

आता त्याला संत करून ठेवत नाही. बहीणच एकदा तडकली होती: "जगाचे पाय चेपतो आणि घरात स्वतःचं ताट उचलत नाही!" हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी त्याच्याकडे. बहीण म्हणते, कढई अजून नीट निघत नाही, तळाला काळं राहतं. ओला टॉवेल गादीवर टाकायची सवय तर गेलेलीच नाही.

आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा. शिंद्यांच्या सैन्यातला सरदार माणूस. सगळं सोडून आळंदीला राहिले आणि १८३२च्या सुमारास माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. आळंदीच्या महाद्वारातली पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे. देवळात जाणारा प्रत्येक जण आधी तिथे पोचतो. ही गोष्ट मला भाच्याने सांगितली. आरफळ माझ्या घरापासून तासाभराच्या आत. मी कधी गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात मी गाडीवरून पडलो, डावा पाय प्लास्टरमध्ये. शनिवारी हा एसटीने साताऱ्याला हजर. संध्याकाळी घमेलं घेऊन आला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं आणि दुसरा पाय पुसतो म्हणाला. मी पाय मागे ओढला. आठ दिवस अंघोळ धड नाही, नखं वाढलेली, आणि ज्या पोराला मी खांद्यावर बसवून यात्रेत फिरवलं त्याच्यापुढे पाय कसा करायचा? त्या बाईंना लोणंदला काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

"मामा, द्या की. लाजताय कशाला?"

दिला. नखंही त्यानेच कापली. मधेच बहिणीचा फोन आला, स्पीकरवर होता. तिने माझी तब्येत वगैरे काही विचारली नाही. म्हणाली, "दादा, त्याला विचार, ओला टॉवेल कुठं टाकून गेलाय."

पोरगं माझ्या पायावर मान आणखी खाली घालून बसलं.