गेटवरची पाटी आणि बापटांचं 'काइंडली'

गेटवरची पाटी सगळ्यांनी वाचलीय, उद्धट आहे म्हणतात. 'काइंडली डू नॉट पार्क, टायर्स विल बी डिफ्लेटेड!!!' कर्ते बापट, म्हणून कटिंग येण्याआधीच छाती काढून उभे.

"काइंडली आहे ना? मग उद्धट कशी?"

"बापट, हात जोडून कानाखाली वाजवलीत," सुनंदा म्हणाली. ती बोर्ड रंगवते, शब्द तोलूनच बोलते. "आपल्याकडे काइंडली म्हणजे अदब. इंग्रजाच्या कानाला तोच शब्द कपाळाला आठी घालून म्हटल्यासारखा लागतो. त्यात हवा सोडायची धमकी. विनंती करा, नाहीतर दम द्या."

"मग नुसतं नो पार्किंग?"

"चालेल की. ब्रिटनमध्ये पूर्वी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी 'हॉल्ट' असायचं. रस्त्यावरच्या पाट्या सुधारायला नेमलेल्या वॉरबॉइज समितीच्या अहवालानंतर, १९६५पासून, 'स्टॉप' आणि 'गिव्ह वे' आलं. प्लीज नाही, तरी कुणाला झोंबत नाही. विजेच्या डीपीवर प्लीज लिहाल? तिथे 'डेंजर'च हवं. उलट रस्ता खणून 'इनकन्व्हीनियन्स इज रिग्रेटेड' लावतात, त्यात खेद कुणाला ते नाही, काम कधी संपणार तेही नाही. तारीख लिहा, तीच माफी."

हे मला शंभर टक्के पटलं.

"प्लीजने काय होतं?" मुकुंद म्हणाला. "ट्रकमागे हॉर्न ओके प्लीज होतंच. २०१५मध्ये राज्याने बंदी घातली, हॉर्न थांबले?"

"तू बोलू नकोस," बापट उसळले. "गणपतीची वर्गणी दे आधी!"

"पावती दाखवू? तुमच्याच सहीची आहे. तीन उद्गारचिन्हांसकट."

सुनंदाने पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं: 'ॲम्ब्युलन्स एन्ट्रन्स. प्लीज कीप क्लिअर.' "कारण आधी, मग विनंती. कारण कळलं की गाडीवाला वाद घालत नाही. सगळी कॅपिटल नकोत, ओरडल्यासारखी दिसतात. दहा फुटांना एक इंच धरा. समोरच्या फुटपाथवरून, तीस फुटांवर, दिसायला तीन इंची अक्षर. म्हणून शब्द कमी. तुमचं आख्खं वाक्य त्या पत्र्यावर बसवायला अक्षर इंचाचं झालं, गाडी लावून खाली उतरल्यावर वाचता येतं."

बापटांनी पेपर ओढला, पेन काढलं आणि 'क्लिअर'पुढे एक उद्गारचिन्ह दिलं. "एक तरी!"

तेवढ्यात चहावाला ग्लास गोळा करायला आला. "बापटसाहेब, कालचे सहा कटिंग बाकी आहेत." मग जरा थांबून, "काइंडली."

मुकुंदच्या नाकातून चहा आला.