बंब घासावा म्हणतो

नरकचतुर्दशीला चार दिवस उरले असताना आईने फर्मान काढलं, "यंदा अभ्यंगस्नान बंबाच्या पाण्याने."

बंब आजोबांचा. सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा एक परात, दोन पाट आणि हा, एवढंच आमच्याबरोबर कोथरूडला आलं. बारा वर्षं तो बाल्कनीत उभा आहे. मध्यंतरी बायकोने त्यात मनीप्लांट लावायचं काढलं होतं. त्यावर घरात जे झालं ते इथे नको.

बंब म्हणजे तांब्याचं पिंप आणि मधून आरपार नळा. नळ्यात करवंट्या, ढलप्या टाकायच्या, भोवतीचं पाणी तापतं, राख खालच्या जाळीतून पडते. सगळी घाण त्या नळ्यात, आणि हात जातो फक्त कोपरापर्यंत. पुढे काजळी.

काठीला फडकं बांधून घुसवलं. काठी परत आली, फडकं आत राहिलं. ते दिसतंय का म्हणून बंब आडवा न करता मुलाला उचलून धरायला लावला आणि मोबाइलचा टॉर्च लावून मी खालून वर पाहिलं. इथे चुकलो. त्याच क्षणी फडकं सुटलं, आणि एकटं नाही सुटलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चादरी वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या. त्यांनी वर येऊन विचारलं, "तुमच्याकडे काही जळतंय का हो?"

"नाही काकू. बारा वर्षांपूर्वी जळून झालंय."

तोटी गळत होती म्हणून स्कूटरवर बांधून कसबा पेठेत, तांबट आळीत नेला. कारागिराने बोटाने टकटक केलं, "पत्रा चांगला जाड आहे. विकायचा का?" मी उत्तराला जरा उशीरच केला, हे आईला अजून सांगितलेलं नाही. "पाण्याशिवाय पेटवू नका, सांधे सुटतील," एवढं बजावून त्याने तोटी बसवली.

मग चिंच आणि मीठ. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, हे शाळेत एका ओळीत उरकलं होतं. मनगटाचा उल्लेख नव्हता. तासाभराने वितभर तांबं लखलखलं आणि गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव उमटलं. आडनाव आमचं नव्हतं.

वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. आईने चष्मा पुसला, वाकून वाचलं.

"घास अजून," ती म्हणाली, "खाली आपलंही असेल."