काम आम्ही केले, पुरावा मात्र माझा हवा

परदेशी नोकरीबद्दल विचारणारे मेसेज मला गेली काही वर्षे नियमित येतात आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सध्या कोणत्या देशात मागणी आहे? त्यावर मी उलट विचारतो की, आजवर केलेले काम तुम्हीच केले हे दाखवणारा कोणता कागद तुमच्याजवळ आहे, आणि तेथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. व्यवसायांच्या याद्या बदलतात, व्हिसासाठीच्या गुणांची गणिते बदलतात, एखाद्या देशाचे दार दोन वर्षे उघडे राहून पुन्हा अर्धे लोटले जाते. पण माझा प्रश्न व्हिसा देणाऱ्यापासून नोकरी देणाऱ्यापर्यंत प्रत्येक टेबलावर या ना त्या रूपात विचारला जातोच.

हे शहाणपण मला ठेच लागल्यावर आले. ऑस्ट्रेलियातील कौशल्य मूल्यांकनासाठी मी अर्ज करायला बसलो, तेव्हा ‘आपला देश वॉशिंग्टन करारात आहे, त्यामुळे आपली पदवी चालते’ या ऐकीव माहितीवर मी निर्धास्त होतो. एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्याचा हा करार १९८९ साली सहा देशांच्या अभियांत्रिकी संस्थांमध्ये झाला आणि भारत त्यात २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, हे खरे आहे. मात्र तो देशाला किंवा महाविद्यालयाच्या नावाला लागू होत नाही, विशिष्ट मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमाला आणि त्या मान्यतेच्या काळात पदवी घेतलेल्यांनाच लागू होतो. माझी पदवी त्या मान्यतेच्या आधीची होती. त्यामुळे मला लांबचा रस्ता धरावा लागला, म्हणजे ज्याला सगळे ‘सीडीआर’ म्हणतात तो, स्वतःची क्षमता दाखवणारा अहवाल लिहावा लागला. त्यात स्वतःच्या कामावरची तीन प्रकरणे लागतात, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांचे, आणि प्रत्येकात मी नेमके काय केले हे प्रथमपुरुषी एकवचनात सांगावे लागते.

माझा पहिला मसुदा वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पेन्सिलीने समासात एकच शब्द सात ठिकाणी लिहिला होता : ‘कोणी?’ ‘पंपातील बिघाडाचे विश्लेषण करण्यात आले.’ कोणी? ‘योग्य त्या दुरुस्त्या सुचवण्यात आल्या.’ कोणी? कार्यालयीन मराठीत आणि कार्यालयीन इंग्रजीतही आपल्याला कर्ता लपवण्याची इतकी सवय झालेली असते की, ‘मी केले’ असे लिहिताना हात अडखळतो आणि तो उद्धटपणा वाटू लागतो. प्रत्यक्षात घडले होते ते असे. एका पंपाचे बेअरिंग वारंवार जात होते आणि मोटर व पंप एका रेषेत आहेत असे प्रत्येक तपासणीत दिसत होते. मी बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारे डायल गेज शाफ्टवर लावून, पाइप पंपाला जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल केले. तिसरा बोल्ट सैल होताच काटा सरकला. पंपाला पाइपच ओढत होता. सगळे प्रकरण त्या काट्याच्या हालचालीत होते आणि माझ्या मसुद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

दुरुस्त मसुद्यात ते आले, पण आता पुरावा कुठून आणायचा? मोजमापांची वही कंपनीची होती, ती मी नोकरी सोडताना नियमाप्रमाणे परत केली होती. मनुष्यबळ विभागाने दिलेल्या अनुभवपत्रात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले आणि वर्तणूक समाधानकारक होती, एवढ्या दोनच ओळी होत्या. पाच वर्षांच्या नोकरीची ती संपूर्ण नोंद. कामाचे स्वरूप लिहून द्या, अशी विनंती केल्यावर ‘आमचा नमुना ठरलेला आहे’ असे उत्तर आले. राग आला, पण चूक निम्मी माझीही होती; नोकरीत असताना, मागितल्यास सहज मिळाले असते तेव्हा, मी ते पत्र मागितलेच नव्हते.

मूल्यांकन आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आणखी एक प्रकरण. व्हिसासाठी तुम्हाला इंजिनिअर मानले म्हणून प्रत्येक काम तुम्हाला करता येईलच असे नाही. त्याच ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये इंजिनिअरिंगची व्यावसायिक सेवा देण्यासाठी राज्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कॅनडात परवाना प्रांताची संस्था देते. ऑन्टॅरिओ प्रांताच्या संस्थेने कॅनडातील अनुभवाची अट २०२३ साली काढून टाकली, तोवर अनुभवाशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय अनुभव नाही अशा चक्रात अनेक जण फिरत राहिले. जर्मनीत ‘इंजेनिअर’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, पण ती न लावता एखाद्या कंपनीत इंजिनिअरचे काम करता येते. ऑन्टॅरिओसारखी अट काढली गेली तरी अनुभव सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराकडेच राहते, आणि पुन्हा आपण त्याच कागदांपाशी येतो.

हाताने काम करणाऱ्यांच्या बाबतीत ही व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे निदान काम करून दाखवता येते. पाइप वेल्डिंगची ‘सिक्स जी’ चाचणी पाहावी. पाइप ४५ अंशांत कललेला आणि पक्का बसवलेला असतो, तो फिरवता येत नाही, त्यामुळे वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरत कधी वरून, कधी खालून, कधी मान वाकडी करून पूर्ण सांधा एकसंध भरावा लागतो. नंतर त्या सांध्याच्या पट्ट्या कापून वाकवतात किंवा क्ष-किरणांनी तपासतात. तिथे ओघवती भाषा कामाला येत नाही. तरीही कागद सुटत नाही तो नाहीच. आयएसओ ९६०६-१ या मानकाप्रमाणे वेल्डरचे प्रमाणपत्र टिकवायचे तर दर सहा महिन्यांनी जबाबदार व्यक्तीने, हा वेल्डर त्या प्रक्रियेत काम करत आहे, अशी सही करावी लागते. ‘एएसएमई’ या यांत्रिकी अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या नियमांतही सहा महिने ती प्रक्रिया वापरली नाही तर पात्रता संपते. वर्षानुवर्षे उत्तम काम करणारे वेल्डर मी पाहिले आहेत, ज्यांच्या प्रमाणपत्रामागचे सह्यांचे रकाने कोरे होते. त्यांना पुन्हा चाचणी द्यावी लागली, ती ते सहज उत्तीर्णही झाले, पण तोवर जागा भरली गेली होती. सही मागायला त्यांना संकोच वाटत होता, इतकेच.

या पोकळीतच तयार अहवाल विकणारे उभे राहतात. ‘तुमचा बायोडेटा पाठवा, तीन प्रकरणे आठवड्यात देतो’ असे म्हणणाऱ्याकडून कोणी स्वतःचा भूतकाळ विकत घेतो, तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या तरी पंपाची गोष्ट आपल्या नावावर सादर करत असतो. मूल्यांकन संस्था नक्कल शोधतात आणि खोट्या माहितीची शिक्षा अर्जदारालाच होते. कॅनडात त्यासाठी पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. लिहिणारा एजंट मात्र पुढच्या ग्राहकाकडे वळलेला असतो. नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणाऱ्यांबद्दल मी वेगळे लिहीन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारात मूळ तत्त्व म्हणून तशी आकारणी करू नये असे म्हटले आहे, एवढे इथे पुरे.

माझी गोष्ट पूर्ण करतो. मनुष्यबळ विभागाचा नाद सोडून मी त्या वेळच्या वरिष्ठांना शोधून काढले. ते निवृत्त झाले होते. फोनवर मी पंपाचा विषय काढताच ते म्हणाले, “तिसरा बोल्ट, बरोबर? मी तेव्हा तुम्हाला वेड्यात काढलं होतं.” चार दिवसांनी त्यांचे दीड पानांचे पत्र आले. त्यात माझे पद, तारखा, कामाचे तास आणि जबाबदाऱ्या व्यवस्थित लिहिल्या होत्या. आणि शेवटच्या परिच्छेदात, दोष पाइपचा असल्याचे निदान यांनी केले व ते मला सुरुवातीला पटले नव्हते, असे त्यांनी स्वतःच्या सहीनिशी नोंदवले होते.