‘अस्सल मराठी’तला अस्सल कुठून आला?

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला, "अस्सल मराठी वाचवा" वाला. थोडक्यात म्हणणं असं की खरी शुद्ध मराठी पुण्याची, "पानी", "आनि" म्हणणारे अशुद्ध, महाराजांनी परके शब्द हाकलले होते ते इंग्रजीने परत भाषा बाटवली, ऱ्हस्व-दीर्घ पूर्वजांनी शतकानुशतकं जपलं, आणि आपले सणवार-उपासतापास तर एकदम निर्भेळ. खाली पंधरा जणांचे नमस्कार.

पहिली गंमत म्हणजे "अस्सल" हाच शब्द अरबी आहे. असो.

पानी-पाणी. हे जरा मनाला लागतं, कारण माझी आजी जन्मभर पानीच म्हणाली आणि मी शाळेत तसं म्हटल्यावर बाईंनी अख्ख्या वर्गासमोर तीनदा "पाणी, पाणी, पाणी" म्हणायला लावलं होतं, पोरं फिदीफिदी हसली, मी आठवडाभर वर्गात तोंडच उघडलं नाही. नंतर कळलं की संस्कृतात मूळ शब्द पानीय, न वाला! प्राकृतात न चा ण झाला आणि तोच आपल्याकडे आला. नवनीतचं लोणी झालं ते पण तसंच. आजीचा न थेट संस्कृतातून आला असं मी म्हणत नाहीये, तो बोलीतला आहे. पण संस्कृतच्या मापाने शुद्ध-अशुद्ध ठरवणार असाल तर मग पाणीच बिघडलेलं निघतं ना भाऊ. आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पुरावा म्हणून अभिमानाने दाखवली ती महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे लोकांनी बोलून बोलून वाकवलेली भाषाच की.

महाराजांचा मुद्दा. राज्यव्यवहारकोश करून घेतला हे शंभर टक्के खरं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण नाव बघा ना, राज्यव्यवहार. दरबारातल्या, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते, बाजारात जाऊन कुणाला दुकान म्हणू नको असं नव्हतं सांगितलं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशव्याला मुख्य प्रधान म्हणायचं ठरलं, तरी पुढे लोकांच्या तोंडी राहिला पेशवाच, आणि तो शब्द फारसी. फडणीस, चिटणीस यातलं नीस पण फारसीच. कागद, जमीन, वकील, तारीख, फक्त, हे सगळं काढलं तर मेसेज लिहिणाऱ्याला दोन ओळी धड लिहिता येणार नाहीत. चावी, पगार, तुरुंग, घमेलं पोर्तुगीज. तूप कानडी. हापूस आंब्याचं नाव सुद्धा एका पोर्तुगीजाचं, अफोन्सोचं, आता बोला.

ऱ्हस्व-दीर्घाचं तर सोडाच. पेशवे दफ्तर मोडी लिपीत आहे आणि त्या लिपीत ऱ्हस्व इ, दीर्घ ई वेगळी लिहायची पद्धतच नव्हती, तरी राज्य चाललं. आज जे नियम म्हणून शिकवतात ते १९६२ चे, त्यात १९७२ ला भर पडली. त्याआधीची छापील पुस्तकं उघडा, "नांव", "घरांत", "केलें", टिंबंच टिंबं. मग ते सगळे लेखक अशुद्ध का? संस्कृतात कवि ऱ्हस्व, आपण नियमाने कवी दीर्घ लिहितो, शुद्ध कोणतं सांगा.

नियम नकोत असं नाही हं. पाठ्यपुस्तकाला, कोर्टाच्या कागदाला एक ठरलेलं रूप लागतंच. पण ते प्रमाण, म्हणजे बसून ठरवलेलं. त्याला शुद्ध म्हटलं की बाकीचे आपोआप अशुद्ध होतात, आणि मग पोर तोंड मिटून बसतं.

राहिला उपास. एकादशीच्या दिवशी आमच्याकडे कांदा-लसूण घरात दिसलं तरी आई ओरडते. ताटात काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस, वरई, दही. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळ्यांचं माहेर अमेरिका खंड, पोर्तुगीज वगैरे यायच्या आधी इथे कुणी पाहिलं पण नव्हतं. इथली म्हणावी अशी वरई आणि दही उरतं, त्यातली वरई आमच्या घरात आईशिवाय कोणी खात नाही.