माकोंदोत आमची आई

चूक माझीच. डिसेंबर २०२४मध्ये गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीवरची मालिका नेटफ्लिक्सवर आली, हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं आणि वर म्हणालो, "अर्थात पुस्तकाची सर नाही येणार." हे वाक्य पुस्तक वाचलेल्याने म्हणायचं असतं. माझी प्रत बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, पाहुण्याला दिसेल अशी, वीस वर्षं उभी आहे. पासष्टाव्या पानात एसटीचं तिकीट आहे. त्यापुढे मी कधी गेलो नाही; तिकीटच तिथपर्यंतचं असावं.

"मग लाव की," आई म्हणाली. "माझ्या मालिकेत गेला महिनाभर नुसती मेंदीच लागतेय."

मालिका स्पॅनिशमध्ये. मार्केझ हयात असेपर्यंत त्यांनी या कादंबरीचे हक्क सिनेमावाल्यांना दिले नाहीत. २०१४ साली ते गेले, आणि पुढे मुलांनी परवानगी दिली ती स्पॅनिशमध्येच आणि कोलंबियातच करायची या बोलीवर. फार थोर गोष्ट. पण त्यामुळे खाली धावणारं इंग्रजी वाचून आईला मराठीत सांगायचं काम माझ्यावर आलं. पहिल्या अर्ध्या तासात नवरा-बायको अंधारात एकमेकांशी जे काही बोलले, त्याचं भाषांतर मी "जेवलीस का, विचारतोय" असं केलं. पुढे असे प्रसंग वाढले. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "या गावात जेवणाची फार चौकशी करतात रे." मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून हसत होता.

आता हे लोक आपलं गाव सोडून माकोंदो हे नवं गाव का वसवतात, तर जोसे आर्कादियो बुएंदिया आणि उर्सुला हे नात्यातले. पोटी शेपटीचं मूल येईल अशी सगळ्यांना धास्ती. त्यावरून कोंबड्यांच्या झुंजीत एकजण टोमणा मारतो, बुएंदिया त्याला भाल्याने मारतो, आणि मेलेला माणूस रात्री घरात पाणी शोधत फिरतो.

"नात्यातले म्हणजे?"

"भावंडंच. लांबची-जवळची."

"मामाची मुलगी आपल्याकडे करतातच की! शेपटी कुणाला आली?" आईने मनातल्या मनात सगळं गणगोत तपासलं. "तुझ्या बंडूमामाचं काही सांगता येत नाही म्हणा."

भुताचं तिला काहीच वाटलं नाही. ती वेंगुर्ल्याकडची. उर्सुलाने त्या बिचाऱ्यासाठी घरभर पाण्याची भांडी ठेवली, तेव्हा आईने पसंतीची मान हलवली. "शहाणी आहे. पण नुसतं पाणी ठेवून भागतं होय? वर्षाला वाडी दाखवली असती तर गाव सोडायची वेळ आली नसती."

जादू पडद्यावर कशी दिसेल, खोटी तर वाटणार नाही ना, याची चिंता मोठमोठ्या लोकांना होती. आमच्या सोफ्यावर तो प्रश्नच निघाला नाही. आपली आजी असल्या गोष्टी चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायची, असं मार्केझ सांगत. त्यांची आजी आणि माझी आई एका ओटीवर बसल्या असत्या तर कादंबरी दोन खंडांची झाली असती.

पाद्री गरम चॉकलेट पिऊन जमिनीवरून वर उचलला गेला.

"किती वर?"

"पुस्तकात बारा सेंटिमीटर." (हे मी इंटरनेटवर पाहून ठेवलं होतं.)

"म्हणजे वीतभरही नाही. आणि कशासाठी?"

"चर्च बांधायला पैसे जमवतोय."

"वर्गणी होय! मग बरोबर आहे."

तिची तक्रार होती ती वेगळीच. रेबेका नावाची पोर आईबापांची हाडं पिशवीत घेऊन येते आणि ती पिशवी घरभर खडखडत राहते. "एवढं मोठं घर, पुरुषमाणसं सोन्याचे मासे घडवत बसलीत, आणि एकाला अस्थी मार्गी लावायला वेळ नाही?" पोर माती आणि भिंतीचा चुना खाते यावर तिने तिथल्या तिथे निदान केलं. "जंत. वावडिंग द्या म्हणावं." उर्सुला नारिंगाच्या रसात रेवाचिनी घालून उपाशीपोटी पाजते, असं मी सांगितल्यावर (हे पासष्टाव्या पानाच्या अलीकडचं) तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लहानपणी मी ते कडू औषध उगाच थुंकलो.

नावांचा घोळ तिनेच मिटवला. ऑरेलियानो, आर्कादियो, पुन्हा ऑरेलियानो. आणि बुएंदियाच्या मुलाला, कर्नल ऑरेलियानोसाहेबांना, सतरा बायकांपासून सतरा मुलगे, सगळे ऑरेलियानोच. बायको वंशावळ काढायला वही घेऊन बसली. आई म्हणाली, "आमच्याकडे तीन दत्तात्रय होते. थोरले, खोतीतले आणि दम्याचे. अडलं का कुणाचं?" तेव्हापासून आमच्या घरी मिशीवाला, झाडाला बांधलेला आणि गोंदवलेला अशीच माणसं आहेत.

मग निद्रानाशाची साथ आली. लोकांची झोप उडते, पाठोपाठ स्मरण उडतं, म्हणून वस्तूंवर चिठ्ठ्या लावतात. गाईच्या गळ्यात पाटी, की ही गाय आहे, हिचं दूध रोज सकाळी काढायचं. माझा आवाज इथे जरा भरून आला. आई म्हणाली, "यात रडण्यासारखं काय? आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या बाटलीत मोहरी आणि आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता. चिठ्ठ्या हव्यातच."

आठवा भाग. म्हातारा बुएंदिया गेला आणि आकाशातून पिवळी फुलं पडू लागली. खोलीत कुणी बोलेना. मीही भाषांतर थांबवलं.

"एवढी फुलं उद्या काढायची कुणी?" आई हळूच म्हणाली. "मयत न्यायचंय त्या रस्त्यानं."

"आई, ते प्रतीक आहे. पुस्तकात असं झाडलोटीचं काही नाहीये."

बायको उठली. कपाट उघडलं, पुस्तक काढलं, बराच वेळ पानं चाळली आणि वाचून दाखवलं, की अंत्ययात्रेला वाट करून द्यायला ती फुलं फावड्यांनी आणि दाताळ्यांनी ओढावी लागली. आईने "बघ" सुद्धा म्हटलं नाही. तेवढ्यात पुस्तकातून एसटीचं तिकीट निसटलं आणि गिरक्या घेत जमिनीवर पडलं. चौघांनी ते पडताना पाहिलं.

सकाळी उठलो तेव्हा मोहरीच्या बाटलीवर चिठ्ठी होती. रिमोटवर होती. कपाटाच्या काचेवरही एक होती, आईच्या टपोऱ्या अक्षरात: ‘हे पुस्तक आहे. हे रोज रात्री वाचायचं असतं.’